माध्यमिक स्तरावरील जीवशास्त्र अध्यापनाची साधने : लातूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या शैक्षणिक नकाशावर लातूरचे नाव 'लातूर पॅटर्न'मुळे रूढ झाले, हे सर्वश्रुत आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली दयानंद शिक्षण संस्था आणि १९७० मध्ये सुरू झालेले राजर्षी शाहू महाविद्यालय यांसारख्या संस्थांनी जादा तासिका, सराव चाचण्या व उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी यांची जी शिस्त उभी केली, तिने मराठवाड्यातील सामान्य कुटुंबांतील मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाचे दार उघडून दिले. हे यश कमी लेखण्याचे कारण नाही. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असल्याने या शहरात जीवशास्त्राला जी प्रतिष्ठा आहे, ती राज्यातील फार थोड्या शहरांत असेल.

परंतु ही प्रतिष्ठा अकरावीपासून सुरू होते. तत्पूर्वी नववी-दहावीच्या वर्गात जीवशास्त्र ज्या साधनांनी शिकविले जाते, त्यांची चिकित्सा क्वचितच होते. साधनांविषयीची चर्चा सामान्यतः 'ती रंजक असावीत' या एका वाक्यावर येऊन थांबते. रंजक आणि गुंतविणारे या दोहोंतील भेद लक्षात न घेतल्यामुळे शाळांनी बरीच साधने खरेदी केली आणि थोडीच वापरली. विद्यार्थ्याला पाहण्यास लावणारे व पाहिल्यावर काही विचारण्यास भाग पाडणारे साधन गुंतविते. जे साधन प्रश्नासोबत उत्तरही घेऊन येते, ते डोळ्यांना सुखावते एवढेच. ही कसोटी लावून प्रचलित साधनांकडे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाठ्यपुस्तक हेच पहिले साधन

ग्रामीण शाळेत सर्व विद्यार्थ्यांच्या हाती निश्चितपणे असणारे साधन एकच, ते म्हणजे पाठ्यपुस्तक. बालभारतीने तयार केलेली 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' ही नववीची (२०१७) व दहावीची (२०१८) पुस्तके पूर्वीच्या पुस्तकांच्या तुलनेत निश्चितच पुढे गेली. मोठा आकार, रंगीत आकृत्या, क्यूआर कोड आणि 'करून पहा', 'निरीक्षण करा', 'इंटरनेट माझा मित्र' यांसारख्या चौकटी ही त्यांची उघड दिसणारी वैशिष्ट्ये. दहावीच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, पेशीविज्ञान व सामाजिक आरोग्य असा विस्तृत पट आहे. मूलपेशी व जैवतंत्रज्ञान यांना दहावीत स्थान देण्याचा निर्णयही धाडसाचा म्हणावा लागेल.

दोष आहे तो कृतींच्या मांडणीत. कृती सांगितल्यानंतर तिचा निष्कर्ष बहुधा त्याच पानावर वाचावयास मिळतो. पानातील पिष्टमय पदार्थाची आयोडीन चाचणी हे याचे जुने उदाहरण. पान स्पिरिटमध्ये उकळले की ते रंगहीन होते, आयोडीन टाकले की निळे-काळे होते, हे विद्यार्थ्याने आधीच वाचलेले असते. प्रत्यक्षात पान तपकिरी राहिले, तर त्याने काय करावयाचे? बहुतेक वेळा तो प्रयोगवहीत निळे-काळे असेच लिहितो. जे दिसले त्यापेक्षा जे छापले आहे ते खरे, हा धडा तो येथे शिकतो, आणि हा धडा जीवशास्त्राच्या मुळावर येणारा आहे. वस्तुतः पान तपकिरी का राहिले, ते आदल्या दिवशी अंधारात होते काय, हरितद्रव्य पूर्ण निघाले होते काय, या प्रश्नांत प्रकाशसंश्लेषणाचे सर्व प्रकरण सामावले आहे.

याउलट मार्गाने जाण्याचा एक मोठा प्रयोग शेजारच्या मध्य प्रदेशात झाला होता. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने तो चालविला. त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोगाची रीत व प्रश्न असत, उत्तर प्रयोगातूनच काढावयाचे असे. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. राज्य शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. तो सहावी ते आठवीपुरता होता, त्यामुळे दहावीच्या मंडळाच्या परीक्षेशी त्याची थेट तुलना करता येत नाही. तथापि पुस्तक, प्रयोगसंच, शिक्षक प्रशिक्षण आणि परीक्षा या चारही गोष्टी एकदम बदलल्या तरच साधन टिकते, ही त्याची शिकवण आजही उपयोगी आहे. महाराष्ट्रात पुस्तक बदलले, परीक्षा मात्र फारशी बदलली नाही.

तक्ता, प्रतिकृती आणि चलचित्र

शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेला मानवी पचनसंस्थेचा तक्ता, कपाटातील डोळ्याची व हृदयाची प्रतिकृती, आणि विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलमध्ये कोरलेली पेशी या साधनांशी प्रत्येक प्राध्यापकाचा बालपणापासून परिचय आहे. तक्त्याचा उपयोग नाकारता येत नाही. परंतु त्यावर प्रत्येक भागाला बाण व नाव असते. विद्यार्थी अवयव पाहत नाही, नावे वाचतो. नावे झाकून टाकलेला तोच तक्ता अधिक चांगले साधन ठरतो, आणि त्यासाठी खर्च येतो तो चिकटपट्टीचा. बी. एड.च्या प्रशिक्षणात छात्राध्यापकांकडून जी शैक्षणिक साधने करवून घेतली जातात, त्यांत पाठ्यपुस्तकातील आकृती मोठ्या कागदावर रंगवून आणणे हाच प्रकार वर्षानुवर्षे चालू आहे. पाठ संपला की ते तक्ते महाविद्यालयाच्या कोठीत जातात. त्या श्रमातून छात्राध्यापक चित्रकला शिकतो हे खरे.

२२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयानंतर डिजिटल शाळांची चळवळ वाढली. अनेक गावांनी लोकवर्गणी करून प्रक्षेपक व पडदे घेतले. पुस्तकातील क्यूआर कोडमुळे चित्रफिती सहज उपलब्ध झाल्या. हृदयाच्या झडपांची उघडझाप, गुणसूत्रांचे पेशीच्या मध्यभागी येणे व दोन ध्रुवांकडे ओढले जाणे, या हालचाली खडूने फळ्यावर दाखविता येत नाहीत. येथे चलचित्राला पर्याय नाही. मात्र जी गोष्ट शाळेच्या अंगणात घडते तिचीही चित्रफीत दाखविणे अनाकलनीय आहे. बी रुजण्याची क्रिया पडद्यावर अर्ध्या मिनिटात उरकते. वाट पाहणे, बी कुजणे, दहांपैकी तीन न उगवणे हे सारे त्यातून वगळलेले असते. शिवाय चलचित्रातील पेशी सपाट, चमकदार आणि नेहमी त्याच रंगांची असते. पेशीला घनता आहे आणि स्लाइडवरील रंग बाहेरून दिलेला असतो, हे सांगितल्याशिवाय ते चित्र विद्यार्थ्याच्या मनातून जात नाही.

प्राणिविच्छेदनाबाबत एक नोंद येथे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना देऊन व २०१४ मध्ये ठाम भूमिका घेऊन प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विच्छेदन थांबविले. हा निर्णय योग्यच होता. परंतु त्यानंतर शिकलेल्या शिक्षकाने जिवंत ऊती हाताळण्याचा दुसरा सराव केलेला नसेल, तर शाळेत येऊन तो प्रतिकृतीवरच विसंबणार. फूल, बी, मूळ, शेंग यांचे विच्छेदन ही पोकळी पुष्कळ अंशी भरू शकते.

सूक्ष्मदर्शक : एक यंत्र, साठ डोळे

पेशीचा पाठ सूक्ष्मदर्शकाशिवाय पुरा होत नाही. परंतु एका यंत्रापुढे साठ विद्यार्थ्यांची रांग लावली आणि प्रत्येकास अर्धा मिनिट दिले, तरी तीस मिनिटे जातात, म्हणजे तासिका संपते. ज्या विद्यार्थ्याने अर्ध्या मिनिटात कांद्याचा पापुद्रा पाहिला, त्याला बहुधा स्वतःच्या पापणीच्या केसांची सावली दिसलेली असते. तरीही तो 'दिसले' म्हणून पुढे सरकतो, कारण मागे रांग आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला 'फोल्डस्कोप' हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक या अडचणीवरचा उपाय म्हणून पुढे आला. सुमारे १४० पट विशालन देणारे, खिशात मावणारे व अत्यल्प खर्चाचे हे यंत्र भारतात केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या सहकार्याने अनेक शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचले. त्याचा खरा गुण स्वस्तपणा नव्हे. ते विद्यार्थ्याच्या मालकीचे होऊ शकते, रांग संपते, आणि पाहण्याची वस्तू शिक्षकाऐवजी विद्यार्थी निवडतो, हा तो गुण होय. लेव्हेनहूकनेही एकाच भिंगाच्या यंत्रातून सतराव्या शतकात सूक्ष्मजीव पाहिले, आणि १६८३ मध्ये त्याने निवडलेली वस्तू होती दातांवरील किटण. तथापि फोल्डस्कोपचे कौतुक करताना मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. केंद्रीकरण साधण्यास सराव लागतो, दमट हातांनी कागद खराब होतो, आणि पहिल्या आठवड्याचे कुतूहल ओसरले की हे यंत्रही दप्तराच्या तळाशी जाते. परागकण, विहिरीचे पाणी, पानाच्या खालच्या बाजूची पर्णरंध्रे असा एखादा ठरलेला शोध हाती असेल तरच ते पुन्हा बाहेर निघते.

टाकाऊतून टिकाऊ वैज्ञानिक खेळणी करण्याची परंपरा महाराष्ट्रात समृद्ध आहे. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ती घरोघर नेली. तिचा मोठा भाग भौतिकशास्त्राचा आहे, यात आश्चर्य नाही. आगपेटीच्या काड्यांतून भूमिती उभी राहते, पण जीव टाकाऊ वस्तूतून करता येत नाही. जीवशास्त्राच्या साधनाला उगवावे लागते, वाढावे लागते आणि काही वेळा मरावेही लागते. म्हणून त्याचे भांडार दुकानात कमी व शिवारात अधिक सापडते.

परिसरातील साधने

लातूर जिल्ह्याचे खरीप सोयाबीन व तूर या दोन पिकांवर उभे आहे. दोन्ही शिंबावर्गीय, दोन्ही प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची. नववीच्या पुस्तकात 'उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव' या आठव्या प्रकरणात रायझोबिअमचा विषय येतो. त्यासाठी सोयाबीनच्या मुळाहून उत्तम साधन कोणत्याही कंपनीच्या सूचीत सापडणार नाही.

पीक फुलोऱ्यात असताना रोप उपटून न काढता खुरप्याने मातीसह उचलावे, बादलीत हलवून धुवावे. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली की आतील भाग गुलाबी निघतो. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते सांगणारे द्रव्य सोयाबीनच्या मुळात आहे, ही गोष्ट विद्यार्थ्याला चकित करते आणि ते द्रव्य तेथे कशासाठी, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. नत्र स्थिर करणारे विकर प्राणवायूने निकामी होते, जिवाणूला तर श्वसनासाठी प्राणवायू हवा असतो. हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडविते. प्राणवायू बांधून ठेवून ते तो हळूहळू पुरविते. हिरवट वा तपकिरी गाठीत हे काम थांबलेले असते.

येथपर्यंत हे एक चांगले प्रात्यक्षिक आहे. ते साधन बनते ते पुढील टप्प्यावर. वर्गातील मुलांनी आपापल्या शेतातून रोपे आणावीत व सोबत तीन गोष्टी घरी विचारून लिहाव्यात : पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणू संवर्धक चोळले होते काय, युरिया किती दिला, आणि त्या रानात मागील वर्षी कोणते पीक होते. नंतर प्रत्येक रोपावरील गाठी मोजाव्यात, किती गुलाबी व किती नाहीत हे वेगळे लिहावे. नत्रखत भरपूर दिले की गाठी कमी धरतात, हे शास्त्राला माहीत आहे. परंतु या वर्गातील या चाळीस रोपांत ते दिसेल की नाही, हे शिक्षकालाही आधी ठाऊक नसते. एखाद्या संवर्धक न चोळलेल्या रोपावरही भरपूर गाठी निघतील, कारण त्या रानात वर्षानुवर्षे सोयाबीनच होते व जिवाणू जमिनीत राहिले होते. एखाद्या चोळलेल्या रोपावर काहीच निघणार नाही, कारण संवर्धकाचे पाकीट उन्हात पडून राहिले होते. अशा अपवादांवर जी चर्चा होते, ती वैज्ञानिक चर्चा असते. त्या चर्चेत प्रथमच वर्गातील मागच्या बाकावरचा शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टरांच्या मुलीपेक्षा अधिक जाणकार ठरतो, आणि घरी बापाला विचारलेला प्रश्न हा अभ्यासाचा भाग होतो.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. नववीच्या पुस्तकात अठरा प्रकरणे आहेत. क्रमाने गेल्यास आठवे प्रकरण येईपर्यंत सोयाबीन काढणीला येते आणि गाठी सुकलेल्या असतात. मेंडेलचा विषय असलेले 'आनुवंशिकता व परिवर्तन' हे सोळावे प्रकरण येते तेव्हा तुरीच्या शेंगा घरी आलेल्या असतात. हा क्रम कोणत्याही पिकाचा, पावसाचा वा फुलोऱ्याचा विचार करून लावलेला नाही. शाळेने आपला क्रम लावून घेणे यावर सरळ उपाय आहे, आणि त्यास कोणत्याही शासन निर्णयाची आवश्यकता नाही. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा गावोगावी शेतकरी घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासत असतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळायचे, काही दिवसांनी उगवलेले मोजायचे, सत्तर निघाले तर बियाणे पेरणीयोग्य. नमुना, टक्केवारी व निर्णय यांचा समावेश असलेला हा प्रयोग ग्रामीण घरात आधीच चालू आहे. शाळेला त्याची ओळख नाही एवढेच.

तुरीचे फूल हे दुसरे दुर्लक्षित साधन. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग केले, म्हणून पुस्तकात वाटाण्याचे चित्र असते. तूर त्याच कुळातील आहे. मागे एक मोठी पताका, दोन बाजूंना दोन पंख, तळाशी नावेसारख्या जुळलेल्या दोन पाकळ्या, आणि दहा पुंकेसरांपैकी नऊ एकत्र व एक सुटा, ही रचना टाचणीने फूल उघडताच दिसते. नावेत बंद असलेले पुंकेसर व स्त्रीकेसर पाहिले की वाटाण्यात स्वपरागण का घडते आणि मेंडेलने पुंकेसर कळीतच का काढून टाकले, याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. तुरीवर मात्र मधमाश्या येतात व काही प्रमाणात परपरागणही होते. मग मेंडेलने तूर निवडली असती तर काय झाले असते? हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपेढीत आढळणार नाही.

तीनास एक हे गुणोत्तर चौकटी काढून शिकविले जाते व विद्यार्थी ते अटळ नियम म्हणून पाठ करतो. दोन पिशव्यांत हरभरा व सोयाबीन यांचे दाणे समप्रमाणात मिसळावेत, न पाहता प्रत्येक पिशवीतून एक दाणा काढून जोडी लिहावी आणि दाणे परत टाकावेत. हरभरा प्रभावी मानला, तर ज्या जोडीत एकही हरभरा नाही ती अप्रभावी. वीस जोड्यांत कोणाला पंधरास पाच मिळतात, कोणाला अठरास दोन. सर्व वर्गाची बेरीज केली की आकडा तीनास एककडे सरकतो. मेंडेललाही फुलांच्या रंगाबाबत ७०५ जांभळी व २२४ पांढरी झाडे मिळाली होती, नेमके तीनास एक नव्हे. वरील दोन मूठ धान्य या विषयावरील बहुतेक चित्रफितींपेक्षा अधिक शिकविते.

प्राण्यांच्या बाबतीत जिल्ह्याचे भाग्य थोर आहे. देवणी तालुक्याच्या नावाने ओळखला जाणारा गोवंश येथलाच. त्याचे तीन प्रकार पशुपालक वर्णावरून सांगतात : चेहऱ्याच्या बाजू काळ्या असलेला वानेरा, पूर्ण पांढरा बालंक्या आणि पांढऱ्यावर अनियमित काळे ठिपके असलेला शेवरा. वानेरा वळू व शेवरा गाय यांचे वासरू कसे निघाले, हे गावातील जुन्या पशुपालकास आठवत असते. विद्यार्थ्यांनी दोन-तीन पिढ्यांची नोंद आणून वंशवृक्ष काढला, तर तो मेंडेलच्या चौकटीत बसेलच असे नाही. वर्ण अनेकदा एकाहून अधिक जनुकांवर अवलंबून असतो. चौकटीत न बसणारा वंशवृक्ष वर्गात आणण्यास शिक्षक कचरतो, हे समजण्यासारखे असले तरी जीवशास्त्राचा विद्यार्थी तेथेच घडतो.

पाणीटंचाई हा लातूरच्या जीवनाचा स्थायी भाग. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या घरात पाणी साठवावे लागते, तेथे पिंपात व हौदात एडिस डासाच्या अळ्या सापडतात. काचेच्या बरणीत जाळीचे कापड घट्ट बांधून त्या ठेवल्या, तर आठ-दहा दिवसांत अळी, कोष व डास या अवस्था समोर घडतात. पृष्ठभागाशी तिरपी लटकणारी अळी व पृष्ठभागास समांतर राहणारी ॲनोफेलिसची अळी यांतील भेद नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. डास बाहेर पडू न देणे ही जबाबदारी शिक्षकाची. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य विभाग सांगतो. आठवडाच का, याचे उत्तर बरणीत आहे.

चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ येथील औषधी वनस्पतींचे बेट सहलीसाठी सुचविले जाते. तेथे जाऊन वनस्पतींच्या नावांची यादी करून परतणे म्हणजे तक्त्याचीच पुनरावृत्ती होय. एका चौरस मीटरमध्ये किती जाती आढळतात व बेटाबाहेरील पडीक रानात किती, एवढी तुलना केली तरी सहल सार्थकी लागते.

प्रजनन हे प्रकरण अनेक वर्गांत घाईने आटोपले जाते, किंवा 'घरी वाचा' असे सांगून सोडले जाते. येथे महागडी प्रतिकृती उपयोगाची नाही. नाव न लिहिता प्रश्न टाकता येईल अशी कुलूपबंद पेटी आणि त्या प्रश्नांना वर्गात शांतपणे उत्तर देणारा शिक्षक, हेच साधन.

भाषा हेही साधन

मराठी परिभाषा क्लिष्ट आहे, ही तक्रार जुनी आहे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मराठी पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर काम केले तेव्हा, भाषा सुबोध केली की आकलन वाढते, असे दिसून आले होते. 'आंतर्द्रव्यजालिका' हा शब्द नववीच्या मुलाला अडखळवितो हे मान्य करावे लागेल. परंतु सर्व परिभाषेस एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. 'अर्धगुणसूत्री विभाजन' या शब्दात त्या क्रियेचा परिणाम सांगितलेला आहे. 'मिऑसिस' हा शब्द मराठी मुलाला काहीच सांगत नाही. 'हरितलवक', 'पर्णरंध्र' हे शब्द स्वतःच अर्धा पाठ शिकवितात.

सेमी-इंग्रजीच्या विस्तारामुळे हे साधन हातचे जात आहे. पुढे अकरावीला विज्ञान इंग्रजीतूनच शिकावयाचे, म्हणून पालक व शाळा आधीच इंग्रजी पुस्तक स्वीकारतात. त्यांचा व्यावहारिक तर्क चुकीचा नाही. पण मग वर्गात पुस्तक इंग्रजी, स्पष्टीकरण मराठी आणि शेतीतील वाण, संकरित, कलम, गाभण, फुटवा हे शब्द दोहोंच्या बाहेर, अशी त्रेधा उडते. 'व्हरायटी' म्हणजे वाण आणि 'हायब्रिड' म्हणजे संकरित, हे ज्याला ज्ञात आहे तो पहिल्या पिढीतील संकरित बियाणे पुढील वर्षी का ठेवू नये आणि सोयाबीनचे सरळ वाण घरचे का चालते, हे मेंडेलच्या नियमांवरून सांगू शकतो. दोन्ही भाषांतील शब्द शेजारी लिहिलेली एक वही शिक्षकाने वर्षभर ठेवून घेतली, तर अकरावीतील धक्का पुष्कळसा सौम्य होईल.

परीक्षा आणि वेळ

या सर्वांवर एक रास्त आक्षेप आहे. गाठी मोजण्यात दोन तासिका गेल्या तर अभ्यासक्रम केव्हा पूर्ण करावयाचा? दहावीला विज्ञानाच्या दोन्ही भागांची लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची, प्रात्यक्षिकांस २० गुण. लेखी परीक्षेत शास्त्रीय कारणे, फरक आणि आकृतीस नावे यांवर भर. प्रात्यक्षिकाचे गुण विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांत फारसा भेद करीत नाहीत, हा शिक्षकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. आठवीपासून फाउंडेशन वर्गास जाणारा विद्यार्थी तर 'नीट'च्या बहुपर्यायी प्रश्नांचाच सराव करीत असतो. अशा स्थितीत वेळ न दवडणारा शिक्षक दोषी कसा?

तो दोषी नाहीच. तथापि लातूर पॅटर्नचेच एक तत्त्व येथे विचारात घ्यावयास हवे. त्या पद्धतीचे बळ उत्तरपत्रिका तपासून चूक कोठे झाली हे विद्यार्थ्यास दाखविण्यात होते, केवळ सरावात नव्हते. तीच शिस्त निरीक्षणवहीला लावता येते. प्रात्यक्षिकाच्या २० गुणांपैकी काही गुण 'जे दिसले ते लिहिले काय' याला दिले आणि छापील निष्कर्षाची नक्कल आढळल्यास ते कापले, तर मंडळाचा एकही नियम न मोडता साधनाला परीक्षेत किंमत मिळते. लेखी परीक्षेचे स्वरूप बदलणे शाळेच्या हाती नाही, हे गुण मात्र आहेत.

महाविद्यालयांचा संबंध येथे येतो. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांतील सूक्ष्मदर्शक उन्हाळी व दिवाळीच्या सुटीत कपाटात असतात, तर सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलते. शाळांना यंत्रे द्यावयाची तर ती याच महिन्यात, सत्र चालू असताना द्यावी लागतील, आणि नोंदवहीत त्यांची जबाबदारी कोणाच्या नावावर टाकावयाची हा प्रश्न पहिल्याच बैठकीत उपस्थित होईल. त्याऐवजी पदवीच्या तृतीय वर्षाचे विद्यार्थी यंत्रांसह एका शनिवारी शाळेत गेले, तर यंत्रे सायंकाळी परत येतात. अशा एका शनिवारी औसा किंवा निलंगा तालुक्यातील एखाद्या शाळेत दहा सूक्ष्मदर्शक, चाळीस रोपे आणि पाण्याच्या दोन बादल्या पुरतील. गाठी फोडण्यासाठी नख पुरते. त्यांतील जिवाणू पाहण्यास मिथिलीन ब्लूची एक बाटली लागेल, ती विभागात असतेच.